'मुद्रितशोधनाचे महत्त्व स्पष्ट करा'

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत पदवीच्या वर्गांना त्याची चौकट लागू झाली. मराठीच्या विभागांत त्याबरोबर एक नवी परिभाषा आली : श्रेयांक, व्यावसायिक कौशल्य अभ्यासक्रम, कौशल्यवर्धन, ऑन जॉब ट्रेनिंग, रोजगारक्षमता. कविता आणि कादंबरी यांच्या शेजारी मुद्रितशोधन, अनुवाद, सूत्रसंचालन, जाहिरातलेखन असे विषय वेळापत्रकात येऊन बसले. हे विषय सर्वस्वी नवे नाहीत. 'व्यावहारिक मराठी'च्या रूपाने ते विद्यापीठांत बराच काळ आहेत. अकरावी-बारावीच्या 'युवकभारती'तही उपयोजित मराठीचा विभाग आहे. नवे आहे ते त्यांच्यामागचे आश्वासन. हे शिकलात तर काम मिळेल, असे शासन, विद्यापीठ आणि महाविद्यालय हे तिघेही आता विद्यार्थ्याला सांगत आहेत.

हे आश्वासन खरे की पोकळ, हे ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. त्या विषयाची प्रश्नपत्रिका पाहावी. मुद्रितशोधनाच्या अभ्यासक्रमाच्या शेवटी 'मुद्रितशोधनाचे महत्त्व स्पष्ट करा' असा दहा गुणांचा प्रश्न येत असेल, आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या वीस चुका करून लिहिलेल्या उत्तराला त्यात आठ गुण मिळत असतील, तर तेथे मुद्रितशोधन शिकवलेच गेलेले नाही. तेथे मुद्रितशोधनाविषयीचा निबंध शिकवला गेला आहे. सुतारकामाची परीक्षा लाकडाचे महत्त्व सांगून देता येत नाही, ही गोष्ट आपल्याला सहज पटते. भाषेच्या कामाबाबत मात्र आपण हा फरक विसरतो, कारण कामाचे साधनही भाषा आणि कामाविषयी बोलण्याचे साधनही भाषाच. या सारखेपणात फसगत लपून राहते.

या बदलाला मराठीच्या अध्यापकांकडून दोन प्रकारचे प्रतिसाद मिळताना दिसतात. पहिला विलापाचा. साहित्य गेले, आता आम्ही कारकून घडवायचे, असा त्याचा सूर असतो. दुसरा शिताफीचा. जुन्याच टाचणांवर नवे नाव घालायचे, श्रेयांकांची बेरीज जुळवायची आणि मोकळे व्हायचे. हे दोन्ही प्रतिसाद परस्परविरोधी वाटले तरी त्यांच्या मुळाशी एकच समज आहे. काम ही गंभीरपणे विचार करण्याजोगी गोष्ट नाही, असे दोघेही धरून चालतात. एक जण त्या समजुतीपोटी नाक मुरडतो, दुसरा त्याच समजुतीपोटी ते उरकून टाकतो. या लेखात दोघांशीही वाद घालायचा आहे.

प्रथम विलाप करणाऱ्यांविषयी. मराठी साहित्याचा इतिहास शिकवणाऱ्या माणसाने व्यवहाराच्या भाषेला कमी लेखावे, हे थोडे आश्चर्याचे आहे. राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांच्या सांगण्यावरून रघुनाथ पंडितांनी 'राज्यव्यवहारकोश' रचला. राजकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा हा कोश दहा वर्गांत विभागलेला आहे आणि त्यात 'कार्यस्थानवर्ग' आहे, 'लेखनवर्ग' आहे, बाजारातील मालासाठी 'पण्यवर्ग'ही आहे. म्हणजे कामाच्या जागेची भाषा हा आपल्याकडे साडेतीनशे वर्षांपूर्वी विद्वानाने हाती घेण्याचा विषय होता. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' हे राज्यकारभार कसा करावा याविषयीचे लेखन; आज ते मराठी गद्याचा उत्तम नमुना म्हणून वर्गात वाचले जाते. ज्या लेखनाला काही काम करायचे होते, त्यातूनच आपले गद्य पुष्कळ अंशी घडले आहे.

पद्याचीही गोष्ट फार वेगळी नाही. सावता माळी, गोरा कुंभार, सेना न्हावी, नरहरी सोनार ही नावे आपण व्यवसायासह घेतो. सेना महाराजांनी हजामतीच्या क्रिया आणि नरहरी महाराजांनी सोनाराची अवजारे अभंगात आणली, ती शोभेसाठी नव्हेत. हातातल्या कामाची बारीक ओळख होती म्हणून ती प्रतिमा उभी राहिली. एकोणिसाव्या शतकात छपाई आली तेव्हाही साहित्याचा मार्ग कारागिरीतूनच गेला. गणपत कृष्णाजी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकले आणि १८३१ मध्ये त्यांनी शिळाछापावर मराठी पंचांग छापले. त्याच मिशनच्या छापखान्यात लहान वयात कामाला लागलेल्या जावजी दादाजींनी १८६९ मध्ये 'निर्णयसागर' सुरू केला आणि त्याच्या सुबक टाइपामुळे संस्कृत-मराठी ग्रंथ देशभर गेले. 'निर्णयसागर'ची 'काव्यमाला' वापरणाऱ्या किती पंडितांनी तिच्यामागच्या खिळे जुळवणाऱ्या हातांचा विचार केला असेल, हा प्रश्नच आहे. पण ते हात नसते तर ती पंडिती मोजक्या पोथ्यांपुरतीच राहिली असती.

तेव्हा व्यवसाय आणि वाङ्मय यांचे वैर आहे ही कल्पना आपल्या परंपरेतून आलेली नाही. ती आली आहे वसाहतकाळात घडलेल्या पांढरपेशा वर्गाच्या प्रतिष्ठेच्या कल्पनांतून. आणि त्याही खाली, हाताने काम करणारा तो खालचा, या आपल्या फार जुन्या जातिविचारातून. येथे विषय अधिक गंभीर होतो, कारण व्यवसायशिक्षणाची बाजू घेणाऱ्यांनाही या जातिविचाराचा हिशेब द्यावा लागतो.

आपल्या गावगाड्यात व्यवसायशिक्षण नव्हते असे नाही. ते भरपूर होते आणि उत्तम होते. लोहाराचा मुलगा भात्याजवळ, कुंभाराचा मुलगा चाकाजवळ आणि सुताराचा मुलगा रंध्याजवळ मोठा होत असे. वर्षानुवर्षांची उमेदवारी, दररोजची तपासणी, चूक झाली की लगेच दुरुस्ती, असे आज शिक्षणशास्त्र ज्याची स्तुती करते ते सर्व तेथे होते. मात्र त्या शिक्षणातून बाहेर पडण्याचे दार नव्हते. कोणी काय शिकायचे हे जन्माने ठरत असे आणि त्या कौशल्याचा मोबदला बलुत्याच्या रूपाने दुसरेच ठरवीत. दया पवारांच्या आत्मकथनाला 'बलुतं' (१९७८) हे नाव मिळाले, त्यामागे हाच हिशेब आहे.

या पार्श्वभूमीवर जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेले निवेदन पुन्हा वाचावे. सरकारी शिक्षणातून कारकून आणि शाळामास्तर तयार होतात, प्रत्यक्ष जीवनाला ते उपयोगी पडत नाही, अशी टीका त्यात आहे. प्राथमिक शाळेत काय शिकवावे हे सांगताना मोडी व बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांबरोबर शेतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान त्यांनी सुचवले आहे. या यादीचा क्रम आणि समावेश महत्त्वाचा आहे. शूद्रातिशूद्रांच्या मुलांना केवळ शेती शिकवा, असे फुले म्हणत नाहीत. व्याकरण आणि इतिहास त्यांना हवेच आहेत. शेतीचे ज्ञान त्यांच्या जोडीने हवे आहे.

हा 'जोडीने' शब्द पुढच्या काळात अनेकदा गळला. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायाच्या माध्यमातून शिक्षण देण्याची योजना मांडली आणि झाकिर हुसेन समितीने तिचा आराखडा केला. हस्तव्यवसाय हा शिक्षणाचा एक विषय न राहता शिक्षणाचे माध्यम व्हावा, ही त्यातील कल्पना आजही विचारप्रवर्तक आहे. पण ज्यांना आपल्या मुलांना इंग्रजी शाळेत घालणे परवडत होते त्यांनी ती मुले तेथेच घातली. परिणामी चरखा गरिबांच्या शाळेत आणि पुस्तक श्रीमंतांच्या शाळेत अशी विभागणी होऊ लागताच गरिबांनीही त्या योजनेकडे संशयाने पाहिले, यात नवल नाही. मद्रास राज्यात १९५३ मध्ये राजाजींनी प्राथमिक शाळेची वेळ निम्मी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा व्यवसाय शिकावा अशी योजना आणली. ती 'कुलक्कल्वी' म्हणजे कुळधंद्याचे शिक्षण म्हणून बदनाम झाली, तिच्याविरुद्ध मोठे आंदोलन झाले आणि १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाल्यावर कामराजांनी ती मागे घेतली. तो विरोध कामाला नव्हता. बापाचेच काम मुलाच्या कपाळी लिहिण्याला होता.

म्हणून आजच्या धोरणाला विचारायचा पहिला प्रश्न असा : हे कौशल्य कोणाला शिकवले जाणार आणि ते शिकल्यावर कोणती दारे उघडी राहणार? धोरणाच्या दस्तऐवजात बाराव्या पंचवार्षिक योजनेचा एक अंदाज दिला आहे. त्यानुसार १९ ते २४ या वयोगटातील भारतीय श्रमिकांपैकी औपचारिक व्यवसायशिक्षण घेतलेले पाच टक्क्यांहूनही कमी होते. हेच प्रमाण अमेरिकेत ५२, जर्मनीत ७५ आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के असल्याचे तेथे म्हटले आहे. २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांचा व्यवसायशिक्षणाशी संबंध यावा, असे उद्दिष्टही त्यात होते. आकडे बोलके आहेत. परंतु 'संबंध येणे' आणि 'काम येणे' यांत फार अंतर आहे. शिवाय त्याच धोरणात एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. ही सोय ज्याच्या घरी पैसा आहे त्याच्यासाठी सोय आहे. ज्याच्या घरी पैसा नाही त्याच्यासाठी ती उंबरठ्यावरून मागे फिरण्याचे सन्माननीय निमित्त ठरू शकते. ग्रामीण महाविद्यालयातील एखादी मुलगी पहिल्या वर्षानंतर 'कौशल्य' घेऊन घरी गेली, तर कागदोपत्री ती गळती धरली जाणार नाही. शिक्षकाने मात्र ती गळतीच समजली पाहिजे.

आता दुसऱ्या प्रतिसादाकडे, म्हणजे शिताफीकडे वळू. कौशल्याचा अभ्यासक्रम नावापुरता राबवणाऱ्यांना एकच विचारावेसे वाटते : काम म्हणजे काय? कोणत्याही खऱ्या कामाला निदान चार गोष्टी असतात. एक, हाताळायला काहीतरी साहित्य असते आणि ते आपल्याला प्रतिकार करते. लाकडाला गाठ असते, मजकुरात संदिग्धता असते. दोन, ते काम कोणाला तरी हवे असते. तो घेणारा समोर नसला तरी त्याची गरज खरी असते. तीन, काम जमले की बिघडले हे ठरवणारे माप असते आणि ते करणाऱ्याच्या सदिच्छेवर अवलंबून नसते. चार, ज्याला ते काम येते असा कोणीतरी शेजारी उभा राहून चूक दाखवतो. या चारांपैकी एकही गोष्ट नसेल तर त्याला व्यवसायशिक्षण म्हणणे ही शब्दांची उधळण आहे.

ही चार अंगे एकत्र नांदू शकतात याचे उदाहरण शोधायला फार लांब जावे लागत नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. कंपनीतील संशोधकाची नोकरी सोडून ते तेथे गेले होते. शाळेत न टिकलेली मुले तेथे वेल्डिंग, बांधकाम, विजेचे काम, शेती, अन्नप्रक्रिया असे अनेक हुन्नर करता करता शिकतात. त्याच धर्तीवर 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय महाराष्ट्रातील काही माध्यमिक शाळांत आला. त्यातील कळीचा मुद्दा यंत्रांचा नाही. मुलांनी केलेल्या वस्तू आणि दिलेल्या सेवा गावाच्या उपयोगी पडाव्यात, हा त्यामागचा विचार आहे. गावकऱ्याला गेट हवे आहे आणि ते बंद झाले पाहिजे, यासारखा दुसरा परीक्षक नाही.

साहित्याच्या अधिक जवळचे उदाहरण जर्मनीचे. तेथे ग्रंथविक्रेता होणे हे रीतसर शिकण्याचे काम आहे. साधारण तीन वर्षे उमेदवार दुकानात काम करतो आणि त्याबरोबर व्यवसायशाळेत शिकतो. मागणी नोंदवणे, हिशेब, ग्रंथसूची, वाङ्मयाची ओळख हे सारे त्यात येते. हेर्मान हेसे हा कादंबरीकार तरुणपणी प्रथम काल्फ येथे घड्याळांच्या कारखान्यात उमेदवार होता आणि १८९५ पासून ट्युबिंगेनच्या एका पुस्तकाच्या दुकानात त्याने ग्रंथविक्रीची उमेदवारी केली. त्या दुकानामुळे तो लेखक झाला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण पुस्तके मोजणे, बांधणे, पोचवणे यात लेखकाचे काही हीन होत नाही, एवढे तरी त्यावरून म्हणता येते. आपल्याकडे मराठी पुस्तकांच्या दुकानात हवे ते पुस्तक सांगू शकणारा जाणता विक्रेता भेटला की आपण हरखून जातो. असे विक्रेते घडवण्याची व्यवस्था मात्र मराठीच्या एकाही विभागाला आपले काम वाटलेले दिसत नाही.

मग मराठीच्या विभागाने नेमके काय करावे? मुद्रितशोधनाचेच उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला साधारण तीस तास धरले जातात. दोन श्रेयांकांचा विषय असेल तर साठ तास हाताशी आहेत. त्यांपैकी साहित्य महामंडळाचे १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम, त्यांत पुढे पडलेली भर आणि मुद्रितशोधनाच्या खुणा यांना दहा तास पुरेत. उरलेल्या पन्नास तासांत प्रत्येक विद्यार्थ्याने खरा मजकूर तपासावा. मजकुराची वाण नाही. अनेक प्रकाशकांकडे आणि नियतकालिकांकडे जुन्या फाँटांतील संगणकीय मजकूर पडून आहे. तो युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे मोडतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, वेलांट्या जागा बदलतात. गावोगावच्या ग्रंथालयांची शतकमहोत्सवी स्मरणिका असते, सहकारी संस्थेचा वार्षिक अहवाल असतो. हे काम करून घ्यावे आणि परीक्षेला एकच गोष्ट द्यावी : तीस पानांचा मजकूर आणि ठरावीक वेळ. किती चुका सापडल्या, किती निसटल्या आणि नव्या किती घातल्या गेल्या, यावर गुण द्यावेत.

यांपैकी तिसरे माप सर्वांत महत्त्वाचे आहे आणि येथेच साहित्याचा अध्यापक अपरिहार्य ठरतो. 'बलुतं' या शीर्षकातील अनुस्वार काढून जो नियमाने 'बलुते' करील, त्याने प्रमाणभाषेचा नियम पाळला पण पुस्तक बिघडवले. वऱ्हाडी कथेतील संवाद किंवा अहिराणी शब्द 'शुद्ध' करणारा मुद्रितशोधक हा चुका काढणारा नव्हे, चुका घालणारा आहे. कोठे हात लावायचा हे नियमपुस्तक सांगते. कोठे लावायचा नाही हे वाचन सांगते. ज्याने बोलीतील गद्य मनापासून वाचले आहे, लेखकाची वाक्ये कानांत साठवली आहेत, त्यालाच हा विवेक येतो. अशा रीतीने शिकवले तर मुद्रितशोधन साहित्याची जागा बळकावत नाही. ते साहित्याच्या अभ्यासाला त्याच्या सर्वांत बारीक पातळीवर, अक्षराच्या पातळीवर, कसाला लावते.

अनुवादाचेही तसेच आहे. 'अनुवादाचे प्रकार' पाठ करून घेण्याऐवजी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातील सूचना घ्याव्यात. 'दिवसातून दोनदा' असे लिहिले की रुग्ण त्या दोन गोळ्या नेमक्या केव्हा घेईल? 'उपाशीपोटी' हा शब्द पहाटे चहा घेऊन शेतावर जाणाऱ्या बाईला कसा कळेल? चहा हे तिच्या लेखी खाणे आहे की नाही? विद्यार्थ्याने मजकूर करावा, तो दहा माणसांना वाचून दाखवावा, त्यांना काय समजले ते विचारावे आणि पुन्हा लिहावे. 'सदर', 'उपरोक्त', 'अन्वये' या शब्दांच्या मागे दडलेली शासकीय नोटीस सोप्या मराठीत आणणे हे तर लोकशाहीचे काम आहे. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला याचा आनंद आहेच; पण वारसनोंदीची नोटीस ज्याला लागू आहे त्याला ती वाचून समजत नसेल, तर त्या दर्जाची ऊब त्याच्यापर्यंत पोचलेली नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. पत्र, जाहिरात, अनुवादाचा कच्चा खर्डा हे सारे आता संगणक क्षणात करून देतो. मग हे शिकवून काय उपयोग? आक्षेप रास्त आहे आणि तो आपल्या आजच्या अभ्यासक्रमांना फार झोंबणारा आहे. ठरावीक साच्यात मजकूर भरणे एवढेच कौशल्य आपण शिकवत असू, तर त्या कौशल्याला बाजारात किंमत उरणार नाही. यंत्राने दिलेला मजकूर सफाईदार असतो म्हणूनच त्यातील चूक ओळखणे अवघड असते. ती ओळखणारा, मूळ मजकुराशी ताडून पाहणारा, 'हे वाक्य मराठी वाटते पण मराठी नाही' असे सांगू शकणारा आणि त्याची जबाबदारी घेऊन खाली सही करणारा माणूस लागणारच आहे. ती नजर टिपणांतून येत नाही. शेकडो पाने स्वतः लिहून, खोडून, दुरुस्त करवून घेऊनच ती येते. म्हणजे यंत्रामुळे खऱ्या उमेदवारीची गरज वाढली आहे.

'उमेदवारी' हा शब्द येथे थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. फारसी 'उमेद' म्हणजे आशा. पूर्वी कचेरीत जागा मिळेल या आशेवर जो तरुण विनावेतन काम करीत बसे, तो उमेदवार. आज निवडणुकीने तो शब्द पळवला असला तरी 'शिकाऊ उमेदवार' ही संज्ञा कायद्यात शिल्लक आहे. शब्दातच धोक्याची खूण आहे : आशेला वेतन समजण्याची सवय जुनी आहे. ऑन जॉब ट्रेनिंगच्या नावाखाली विद्यार्थ्यांना एखाद्या कार्यालयात पाठवायचे, तेथे त्यांनी झेरॉक्स काढायच्या, नोंदवहीवर शिक्का घ्यायचा आणि परत यायचे, असा प्रकार झाला तर आपण कचेरीच्या ओट्यावरच्या जुन्या उमेदवाराकडे परत गेलो असे होईल. फरक इतकाच की, त्याला निदान कोणी श्रेयांकाचे शुल्क मागितले नव्हते.

म्हणून कामाच्या ठिकाणची कौशल्ये शिकवताना त्यांत कामगाराचे ज्ञान आले पाहिजे. सध्या 'मृदू कौशल्ये' या नावाखाली हस्तांदोलन कसे करावे, मुलाखतीला कोणते कपडे घालावेत, हसतमुख कसे राहावे हे शिकवले जाते. वेळेवर जाणे, ऐकून घेणे, स्पष्ट बोलणे या गोष्टी चांगल्याच आहेत. परंतु करारावर सही करण्यापूर्वी तो वाचता येणे हेही कामाच्या ठिकाणचे कौशल्य आहे. अनुवादाचा दर शब्दावर ठरतो की पानावर, पैसे केव्हा मिळणार, नाव छापले जाणार की नाही, हे विचारता येणे हे कौशल्य आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे अनुवादकालाही स्वतःच्या अनुवादावर हक्क असतो, शिकाऊ उमेदवारांच्या १९६१ च्या कायद्यात विद्यावेतनाची तरतूद आहे आणि २०१४ च्या दुरुस्तीनंतर अभियांत्रिकीबाहेरील पदवीधरही त्याच्या कक्षेत येतात, हे ठाऊक असणे हे कौशल्य आहे. नारायण सुर्वे गिरणीत राबले, महापालिकेच्या शाळेत शिपाई होते, पुढे शिक्षक झाले. 'माझे विद्यापीठ' (१९६६) हा त्यांचा संग्रह आपण शिकवतो. ज्या विभागात तो संग्रह शिकवला जातो, त्याच विभागाने विद्यार्थ्याला कामाच्या जागी नुसते नम्र राहायला शिकवून पाठवावे, ही विसंगती आपल्याला बोचली पाहिजे.

'रोजगारक्षमता' या शब्दाकडेही साहित्याच्या विद्यार्थ्याने शब्द म्हणून पाहिले पाहिजे. 'बेरोजगारी' म्हटले की प्रश्न समाजाचा आणि शासनाचा असतो. 'रोजगारक्षमतेचा अभाव' म्हटले की तोच प्रश्न गुपचूप तरुणाच्या अंगी येऊन चिकटतो. शब्दाने केलेली ही हातचलाखी उघड करणे हे समीक्षेचेच काम आहे. कौशल्य दिले म्हणजे नोकरी निर्माण होत नाही. ग्रंथालयांतील रिकाम्या जागा, शाळांतील न भरलेली शिक्षकपदे, स्थानिक पत्रकारांचे तुटपुंजे मानधन हे प्रश्न कोणत्याही श्रेयांकाने सुटणारे नाहीत, हे विद्यार्थ्यांना स्वच्छ सांगितले पाहिजे. न पाळता येणारे आश्वासन देऊन त्यांना वर्गात बसवणे ही त्यांची फसवणूक आहे.

मग नोकरीची हमी नसताना हे सारे का करावे? कारण एखादे काम खरोखर येणे, ही माणसाच्या स्वाभिमानाची फार मोठी बाब आहे. मराठी घेऊन पदवीधर होणाऱ्या कितीतरी मुलामुलींच्या घरात पदवीपर्यंत पोचलेले ते पहिलेच असतात. त्यांच्या आईवडिलांना एखादे तरी काम उत्तम येते; शेत, शिवण, गवंडीकाम, काहीतरी. शिक्षणाने मुलांना त्या कामापासून तोडले आणि बदल्यात दुसरे कोणतेही काम दिले नाही, ही आपल्या पदवीशिक्षणाची शोकांतिका आहे. पन्नास पानांचा मजकूर निर्दोष करून देता येतो, ग्रामसभेचा वृत्तान्त तंटा न होईल असा लिहिता येतो, रुग्णालयाची सूचना आजीला समजेल अशी करता येते, हे ज्याला स्वतःविषयी ठाऊक आहे तो मुलाखतीच्या खुर्चीत वेगळा बसतो.

तेव्हा मराठीच्या विभागांनी व्यवसायशिक्षणाला नकार देऊ नये आणि ते नुसते पदरातही घेऊ नये. आपल्या अटींवर घ्यावे. मजकूर खरा असावा. त्याचा घेणारा खरा असावा. परीक्षा कामाची असावी. ज्याला ते काम येते अशा मुद्रितशोधकाला, अनुवादकाला, ग्रंथविक्रेत्याला पदवीची अट न घालता वर्गात बोलवावे आणि त्याला सन्मानाने मानधन द्यावे. बाहेर पाठवलेल्या विद्यार्थ्याला विद्यावेतन मिळेल हे पाहावे. आणि कविता-कादंबरीचे तास कमी होऊ देऊ नयेत, कारण 'बलुतं' मधील अनुस्वार राखण्याची अक्कल तेथूनच येणार आहे.

पुढच्या सत्राच्या प्रश्नपत्रिका काढायला अजून वेळ आहे. 'महत्त्व स्पष्ट करा' हा प्रश्न तेवढा वगळून पाहावा.